साचा सरळ धर

मिलिंद गेल्याची बातमी मला ज्या माणसाने दिली, त्याच्या तोंडून ती ऐकावी लागली याचा आधी संताप आला, रडू नंतर आलं. सकाळचा चहा गाळत होते. फोनवरचं नाव बघून कपाळाला आठी पडली, तरी उचलला. “शुभदाबाई, वाईट बातमी आहे... आपला मिलिंद गेला.” आपला! ज्याला तुम्ही नोकरी सोडायला लावलीत, ज्याच्या एवढ्या आजारपणात तुम्ही एकदाही परळच्या रुग्णालयाची पायरी चढला नाहीत, तो मेल्याबरोबर आपला झाला? मी गाळणं हातात धरून तशीच उभी राहिले आणि चहा ओट्यावरून खाली ओघळत राहिला. पलीकडून शोकसभेचं चाललं होतं. दादरला हॉल घेतलाय, फोटो मोठा करायला टाकलाय, तुम्ही दोन शब्द बोलायचंच, तुमचा त्याचा फार घरोबा... या माणसाचं नाव छापता येणार नाही, असं पुरवणीच्या संपादकांनी मला आधीच बजावलंय, कारण ज्या प्रकरणामुळे मी हे लिहायला बसले त्याची चौकशी अजून चालू आहे. बरंच झालं. नाव लिहून झाल्यावर मला हात धुवावे लागले असते. आपण त्यांना नुसतं मालक म्हणू.

मालकांचं ऑफिस लालबागला, एका जुन्या गिरणीच्या आवारात. काम खेड्यापाड्यांतल्या विजेच्या लाईन आखून देण्याचं. खांब कुठे रोवायचे, किती उंचीचे, दोन खांबांत अंतर किती, मधली तार जमिनीपासून किती वर राहील, हे सगळं आम्ही कागदावर ठरवायचो आणि मग कंत्राटदार त्याप्रमाणे लाईन उभी करायचा. मी तिथे ड्रॉइंगं काढायला लागले, गिरगावातून रोज बसने यायचे. मिलिंद नायगावच्या बीडीडी चाळीतला, माटुंग्याच्या कॉलेजातून इंजिनीअर होऊन आलेला. अंगाने काटकुळा, शर्टाची बाही दुमडलेली, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी राग यावा आणि मग घरी गेल्यावर पटावं. मुंबईत विजेच्या तारा जमिनीखालून जातात. आम्ही जे आखत होतो ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यावरून जाणार नव्हतं. बाकीच्यांना याचं काही वाटत नसे. मिलिंदला मात्र हे सतत टोचायचं. “आपल्या पोरांच्या डोक्यावरून नाही ना जाणार, म्हणून आपला हात सैल सुटतो,” असं तो म्हणायचा, आणि म्हणताना नजर माझ्या ड्रॉइंगवर असायची, त्यामुळे मला ते जास्तच लागायचं.

तार कितीही ताणली तरी दोन खांबांच्या मध्ये ती थोडी खाली येते. त्याला झोळ म्हणतात. उन्हात तापली की आणखी खाली येते. मे महिन्यातल्या भर दुपारी तार जितकी खाली येईल, तेवढी गृहीत धरून खांब रोवायचे असतात. यासाठी आमच्याकडे पारदर्शक प्लास्टिकचा एक साचा असायचा, कमानीसारखा कापलेला. जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या ड्रॉइंगवर तो साचा ठेवायचा आणि बघायचं, तापलेली तार जमिनीच्या फार जवळ तर येत नाही ना. येत असेल तर मध्ये आणखी एक खांब घालायचा. अट एकच, साचा अगदी सरळ उभा धरायचा. चढावरच्या लाईनीत साचा चढाच्या उलट बाजूला जरासा कलवला, की कागदावर झोळ कमी दिसतो आणि एक खांब वाचतो. कागदावर वाचतो. खऱ्या तारेला तुमचा साचा कुणीकडे कलला होता हे माहीत नसतं, ती आपली यायची तेवढी खाली येतेच.

सगळेजण हे काम टेबलावर करायचे. मिलिंद करायचा भिंतीवर. ड्रॉइंग भिंतीला पिनांनी लावायचा, समोर उभा राहायचा आणि साचा हातात धरून एकेक खांब ठरवत पुढे सरकायचा. हा साचाही त्याचा स्वतःचा. घरी ॲक्रिलिकचा तुकडा आणून, कानशीने घासून केलेला. त्याच्या वरच्या कडेला एक बारीक भोक, भोकातून दोरा, आणि दोऱ्याला खाली पितळेचा नट. गवंड्याचा ओळंबा असतो ना, तसा. मध्यभागी एक उभी रेघ कोरलेली. दोरा त्या रेघेवर येऊन थांबला तरच साचा सरळ. ऑफिसात याची भरपूर टिंगल झाली. मालकांचा भाचा नवीनच इंजिनीअर होऊन आला होता, तो दोऱ्याला टिचक्या मारून जायचा. मिलिंद दोरा थांबेपर्यंत वाट बघायचा आणि पुन्हा काम सुरू करायचा. मी एकदा म्हटलं, “अरे, तुझा स्वतःच्या हातावर विश्वास नाही का?” तर म्हणाला, “नाही. संध्याकाळी सहा वाजता घरी जायची घाई असली ना, की माझापण हात कलतो.”

घाणेरडं काम बघितलं की त्याच्या तोंडून एकच उद्गार यायचा. शी! तोही मोठ्याने, चारचौघांत. कुठेही गेला की आधी वर बघायचा. आमच्या गिरगावच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा आई दारात उभी, हा तिच्या डोक्यावरून आमच्या गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बघतोय. “शी! काकू, ही तुमची चादर लादीवर लोळणार.” आईला वाटलं, हा आमच्या घराला नावं ठेवतोय. पोहे देताना तिने त्याच्या बशीत मुद्दाम खोबरं घातलं नाही. पोहे संपवून हा उठला, मधल्या कठड्याला एक खिळा ठोकला, दोरी त्याच्यावरून घेतली आणि पुन्हा येऊन हात धुतले. त्यानंतर तो आला की आई बशीत खोबरं जरा जास्तच घालायची.

गणपतीच्या आधी लालबाग-परळच्या कारखान्यांतून मोठमोठ्या मूर्ती बाहेर पडतात. रस्त्यावर केबलवाल्यांच्या तारा आडव्या. ट्रॉलीवर मूर्तीच्या आजूबाजूला पोरं बांबू घेऊन उभी असतात, तार आली की बांबूने वर उचलायची, मूर्ती खालून पुढे काढायची. ऑफिस सुटल्यावर आम्ही एकदा त्या गर्दीत अडकलो. सगळे मूर्तीकडे बघून हात जोडतायत आणि मिलिंद त्या बांबूंकडे बघून तोंड वाकडं करतोय. मी म्हटलं, “मूर्तीकडे बघ रे जरा.” तो म्हणाला, “ही केबलची तार आहे म्हणून ठीक. हीच सवय घेऊन एखादा गावाला गेला आणि आपल्या लाईनला बांबू लावला तर? ओला बांबू असला तर कोळसा होईल त्याचा.” मी म्हटलं, असं कोण करेल. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

मग ती लाईन आली. कोकणातली एक डोंगरउतारावरची वाडी, खालच्या रस्त्यापासून वर वाडीपर्यंत तारा न्यायच्या होत्या. मिलिंद प्रत्येक लाईनचा मार्ग स्वतः चालून बघायचा, तोही मे महिन्यात, दुपारी. या वेळी मालकांनी भाच्याला शिकायला म्हणून बरोबर धाडलं आणि नोंदी काढायला मला. उतारावर एक कच्चा रस्ता लाईनीच्या खालून आडवा जात होता. मिलिंद तिथेच थांबला. वाडीतल्या माणसांना बोलावून विचारायला लागला, या रस्त्याने काय नेता? पेंढा नेतो. कशातून? टेम्पोतून. केवढा भरता? त्यांनी हात वर करून दाखवलं तर याचं समाधान होईना. पेंढा भरलेला एक टेम्पो उभाच होता, त्याच्यावर एकाला चढवलं आणि सांगितलं, आता हात वर कर. आणि तिथपासून खालपर्यंत टेप लावला. भाचा हसायला लागला. “सर, पेंढ्यावर उभा राहून माणूस हात कशाला वर करेल?”

मिलिंद टेप गुंडाळत म्हणाला, “त्याला वाटलं म्हणून.”

परत आल्यावर त्याने भिंतीवर ड्रॉइंग लावलं, साचा धरला, दोरा थांबू दिला आणि त्या कच्च्या रस्त्याच्या अलीकडे एक खांब जास्तीचा काढला. मालकांना तो नको होता. कंत्राटदाराला आधीच आकडा कळवून झाला होता आणि खांब वाढले की त्यांचा शब्द जाणार होता. त्यांनी भाच्याला सांगितलं, तू बघ. भाच्याने ड्रॉइंग भिंतीवरून काढून टेबलावर पसरलं, मिलिंदचाच साचा उचलला, दोरा बाजूला सारला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो उलट्या बाजूला एवढासा कलवला. “हे बघा मामा, बसतंय की!” मालक माझ्याकडे बघून हसले. मिलिंद दारात उभा होता. म्हणाला, “साचा सरळ धर.” भाचा म्हणाला, “सरळच आहे, सर.” मालक म्हणाले, “मिलिंद, तपासणाऱ्याच्या रकान्यात सही करून टाक, उगाच वाढवू नकोस.” मिलिंद पुढे आला, टेबलाकडे बघितलं, “शी!” म्हणाला आणि आपला डबा घेऊन निघून गेला. पुन्हा त्या ऑफिसात आला नाही. साचा तिथेच राहिला. मी तो मागितला तेव्हा मालक म्हणाले, ती ऑफिसची वस्तू आहे. ड्रॉइंग भाच्याच्या सहीने गेलं. तपासणाऱ्याचा रकाना कोराच राहिला आणि तरीही ते मंजूर झालं, कारण वाचणारं कुणी नव्हतं. काही दिवसांनी मीही तिथून बाहेर पडले.

नंतर मिलिंद घरूनच छोटी कामं करायचा. पण ती वाडी त्याच्या डोक्यातून गेली नाही. दर मे महिन्यात तो तिथे जाऊन यायचा, आणि आल्यावर लाईन ज्यांच्या ताब्यात होती त्या ऑफिसात जाऊन सांगायचा, तार खाली आहे, मध्ये खांब घाला. ते म्हणायचे, मंजूर ड्रॉइंगप्रमाणेच काम झालंय. त्याची बायको रजनी वैतागायची. “ताई, लोक मे महिन्यात माथेरानला जातात, आमचे हे खांब बघायला जातात,” असं मला सांगायची. मी हसायचे. ती हसायची नाही.

यंदा तो जाऊ शकला नाही. पोटात गाठ निघाली आणि सगळंच भराभर होत गेलं. मी शेवटची भेटले ती परळच्या त्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. आवाज पार खोल गेला होता. रजनीने मला खुणेने बाजूला बोलावून हळूच सांगितलं, वाडीतून फोन आला होता. पेंढ्याचा टेम्पो त्या रस्त्यावर आला, तार आडवी. वाडीतल्या लोकांनी कधीपासून एक रीत पाडून घेतली होती म्हणे, टेम्पोवर एकाने उभं राहायचं आणि तार आली की कोरड्या बांबूने उचलायची. त्या दिवशी बांबू कोरडा नव्हता. माणूस वाचला, पण कोपरापासून हात काढावा लागला. रजनीला वाटत होतं, हे मिलिंदला कळू नये. त्याला आधीच कळलं होतं. त्याने मला जवळ बोलावलं.

“हात वर केला होता ना त्याने?”

मी मान डोलावली. त्याने डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, “शी...” एवढा क्षीण की मला तो ओठांवरूनच कळला. “शुभदा, खांब घातला का त्यांनी?” मी म्हटलं, घालतील आता. “विचार. घातलाय का ते विचार...” स्वतःबद्दल त्या दिवशी तो एक शब्द बोलला नाही.

दादरच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. व्यासपीठावर मिलिंदचा भला मोठा फोटो, त्याला हार, आणि फोटोतल्या कपाळावर ठसठशीत कुंकू. एका बौद्ध माणसाच्या फोटोला! त्याच्या घरी वंदना होते, कुंकू लागत नाही, हे इतकी वर्षं एकत्र काम करूनही यांना ठाऊक नव्हतं. रजनी उठली, पदराने काच पुसली आणि जागेवर येऊन बसली. मालक बोलायला उभे राहिले. “मिलिंद फार हलाखीच्या परिस्थितीतून वर आला,” म्हणाले. काय हलाखी? त्याचे वडील माझगावच्या गोदीत कायम नोकरीला होते, त्यांच्या घरी आमच्याआधी टीव्ही आला. पण यांना मिलिंद नायगावच्या चाळीतून येतो एवढं कळलं की पुढची गोष्ट यांची तयारच. इथवर मी दात आवळून ऐकलं. मग त्यांनी आवाज हळवा केला. “परवा कोकणात जी दुर्दैवी घटना घडली, त्या लाईनचं ड्रॉइंगसुद्धा मिलिंदच्याच नजरेखालून गेलं होतं. रकाना कोरा असला तरी तोंडी त्यानेच तपासलं होतं... माणूस आहे, चूक होते. आम्ही त्याला कधी दोष दिला नाही आणि यापुढेही देणार नाही.”

तेव्हा मला त्या ‘आपला मिलिंद’चा अर्थ लागला. चौकशी लागली होती, आणि उत्तर द्यायला एक मेलेला माणूस हवा होता. शोकसभा त्यासाठी होती, फोटो त्यासाठी, हार त्यासाठी. मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी माईकसमोर जाऊन सांगितलं की मिलिंदने ते ड्रॉइंग तपासलं नव्हतं, त्यावर सही करायला नकार दिला आणि म्हणून त्याला जावं लागलं, तेव्हा मी खोलीत होते. पुढे काही बोलायच्या आत सूत्रसंचालकाने वेळेची आठवण करून दिली आणि दोन मिनिटं उभं राहण्याची घोषणा केली. लोक उभे राहिले, कुणी माझ्याकडे बघेना. आणि मग चहा आणि बटाटेवडे. गरम आहेत, घ्या, असं एकजण मला आग्रहाने सांगत होता.

दोन दिवसांनी मी लालबागला गेले. ऑफिस आता चकाचक झालंय, शिरताच काचेचं टेबल, त्यामागे एक मुलगी. आणि तिच्या डोक्यावर भिंतीला मिलिंदचा साचा! काळ्या पट्टीवर स्क्रूने बसवलेला, खाली त्याचं नाव आणि ‘आमचे प्रेरणास्थान’. दोरा काढून टाकला होता. मी त्या मुलीला विचारलं, दोरा कुठे गेला? ती बिचारी म्हणाली, “मॅडम, तो लोंबकळत होता ना, फोटोत नीट दिसत नव्हता.” आणि साचा कललेला. बसवणाऱ्याने नजरेनेच बसवला असणार. मी पर्समधून नाणं काढलं, स्टुलावर चढले आणि स्क्रू फिरवायला लागले. ती घाबरून उठली. “मॅडम, काय करताय?” मी म्हटलं, “सरळ करतेय.” साचा निघाला तसा पिशवीत घातला आणि जिना उतरले. अडवायला कुणी आलं नाही.

चौकशी एका तरुण बाईंकडे होती. त्यांनी असा साचा कधी हातात धरला नव्हता, त्यांच्या वेळी सगळं कॉम्प्युटरवर आलेलं. मालकांचं म्हणणं त्यांच्यासमोर होतंच. मी साचा घेऊन त्यांच्याकडे गेले. म्हटलं, कुणी तपासलं आणि कुणी नाही, ते नंतर बघा. आधी ते ड्रॉइंग भिंतीला लावा. साच्याच्या भोकातून मी घरून दोरा ओवून आणला होता, खाली पितळेचा नट बांधला होता. त्यांनी साचा धरला, कच्च्या रस्त्याच्या जागेवर, अंदाजाने थोडा इकडेतिकडे केला. एका जागी तो नेमका बसला. “बसतंय की,” त्या म्हणाल्या. अगदी तेच शब्द! मी दोऱ्याकडे बोट दाखवलं. दोरा रेघेपासून चांगला दूर लोंबत होता. “आता तो रेघेवर आणा.” त्यांनी साचा हळूहळू फिरवला. दोरा रेघेवर येऊन थांबला तेव्हा साच्याची खालची कड कागदावरच्या त्या रस्त्यात घुसली होती. त्या हात तसाच धरून उभ्या राहिल्या. मग विचारलं, “ही दोऱ्याची युक्ती कुणाची?”

मी म्हटलं, “ज्याने हे ड्रॉइंग तपासलं असं ते सांगतायत, त्याची.”

खांब उभा राहिलाय. वाडीतून रजनीला फोन आला होता, त्या माणसाच्या भावाचा. मिलिंदला सांगायचं होतं, तेवढं मात्र राहिलं. चौकशीचा निर्णय अजून लागायचाय आणि मालक अजूनही मिलिंदचंच नाव पुढे करतायत, असं कानावर येतं. म्हणून हे लिहिलं. चांगलं माणूस गेलं एवढंच लिहून मला थांबता आलं असतं, पण चांगुलपणाचे हार त्यांनी बरेच घालून झालेत.

साचा आता माझ्याकडे आहे, गॅलरीच्या दाराशेजारी भिंतीवर. बाहेर मिलिंदने खिळा ठोकून घेतलेली दोरी अजून आहे आणि चादर लादीला टेकत नाही. गेल्या आठवड्यात मालकांचा फोन आला, ती ऑफिसची वस्तू आहे, परत करा. मी म्हटलं, या आणि घेऊन जा. भिंतीवर लावायला कागद मी देते. माझ्यासमोर साचा हातात धरा, दोरा रेघेवर येऊ द्या, तो थांबेपर्यंत गप्प उभे राहा, आणि मग सांगा मिलिंदने काय तपासलं होतं ते... त्यांनी फोन ठेवला. अजून आलेले नाहीत. संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला की दोरा हलतो. मी दार लावून घेते आणि तो थांबेपर्यंत तिथेच उभी राहते.